उबेच्या खोलीतला डंख

१

जानेवारी २०१७ मध्ये, बाहेरचे तापमान उणे एकोणीस असताना, एटोबिकोमधील एका वेअरहाउसमध्ये जनार्दन कर्णिक मधमाशीच्या विषाने मरण पावले. वेअरहाउसमध्ये एकही जिवंत मधमाशी नव्हती. त्यांच्या त्वचेवर कुठेही डंखाची खूण नव्हती. मृत्यूच्या वेळी ते खोलीत एकटे होते.

शवविच्छेदनाचा प्राथमिक अहवाल डॉ. चित्रा राजाध्यक्ष यांनी दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून विषतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाल्यानंतर असे कागद त्यांच्याकडे येणे बंद झाले होते. हा आणून देणारी होती त्यांच्या जुन्या स्नेह्याची, जनार्दनांची मुलगी, नीरजा.

"हाउ इज धिस पॉसिबल, मावशी?"

"घडलं आहे, म्हणजे शक्य आहे," चित्राबाई म्हणाल्या. "रक्तातले आकडे स्पष्ट आहेत. विष मधमाशीचंच, आणि शरीराने त्यावर उठवलेलं वादळही नेहमीचंच. जीभ, टाळू, घसा सुजलेले. सूज टाळूच्या उजव्या बाजूला जास्त. विष आत कसं गेलं, एवढंच यात नाही."

"पोलिसांना वाटतंय ते दिलीपकाकांनी दिलं."

"पोलिसांना वाटतं त्याला पुरावा म्हणत नाहीत."

नीरजाने पर्समधून पिवळ्या झाकणाची एक नळी काढून टेबलावर ठेवली. अ‍ॅड्रेनलिनचे पेन, अ‍ॅलर्जीचा झटका आला की मांडीत टोचून घ्यायचे. जनार्दनांकडेही असेच असे. दोन वर्षांपूर्वी झांबियाच्या जंगलात माशी चावून ते मरता मरता वाचले होते, तेव्हापासून.

"ऑगस्टमध्ये कॉटेजवर मला माशी चावली," नीरजा म्हणाली. "ओठ असे सुजले की बोलता येईना. डॉक्टर म्हणाला, पुढच्या वेळी याहून वाईट होईल. आता मीही हे घेऊन फिरते."

"मग त्या वेअरहाउसपासून लांब राहा."

"कशी राहू? शुक्रवारी मेणाचा लॉट पास करायचाय. तो पास झाला नाही तर कस्टमर करार मोडेल, आणि तिकडे चार गावांतली माणसं आमच्या भरवशावर बसली आहेत. बाबांनंतर हे काम येणारी मी एकटीच आहे." ती हळू आवाजात म्हणाली, "मावशी, त्या खोलीत काहीतरी आहे. आणि मला तिथेच जायचंय."

२

वेअरहाउसच्या दारात क्लिफर्ड लोपीस उभा होता. मूळचा वसईचा, पंधरा वर्षे जनार्दनांचा सुपरवायझर. त्याने गळ्याभोवती मफलर गुंडाळला होता आणि हातमोज्यांच्या मनगटांवर चिकटपट्टी लावली होती.

"एवढी थंडी आत नाही," चित्राबाई म्हणाल्या.

"थंडीसाठी नाही मॅडम. हसा तुम्ही. पोरं कामावर येईनात. मी येतो, कारण घराचं मॉर्गेज आहे."

आत निळ्या पिंपांच्या रांगा होत्या. त्यांत झांबियाच्या वायव्येकडच्या जंगलातला गडद मध होता. माश्यांना राहायला झाडाच्या सालीची नळकांडी उंच फांद्यांना टांगून तो गोळा करणारी माणसे पोळ्यातला मध पिळून काढत. उरलेली पोळी पाण्यात उकळून, पोत्यातून गाळून, मेण कटोऱ्यात ओतत. गार झाल्यावर कटोऱ्याच्या आकाराची पिवळी ढेप निघे. अशा ढेपा एका भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. पुष्कळ ढेपांची एक कड चाकूने तासलेली होती.

कोपऱ्यात जाड, इन्सुलेटेड दाराची खोली होती. थंडीत साखर धरलेला मध पातळ करण्यासाठी ती अहोरात्र चाळीस अंशांवर ठेवत.

"साहेब इथेच सापडले," क्लिफर्ड म्हणाला. "जेवणाची सुट्टी संपली तरी आले नाहीत म्हणून दार उघडलं. पिंपाला टेकून बसलेले. तोंड असं काळंनिळं. मला वाटलं, हार्ट."

"दाराला आतून कडी?"

"कडीच नाही. आतून ढकललं की उघडतं. पण ढकलायला माणूस उभा तर राहायला हवा."

"त्यांच्याआधी किंवा नंतर कोणी आत गेलं?"

"मी समोरच फोर्कलिफ्टवर होतो. कोणी गेलं नाही." त्याने आवाज उतरवला. "माणूस नाही गेला. ऐका आता."

चित्राबाईंनी ऐकले. दाराच्या फटीतून बारीक, अखंड गुणगुण येत होती. ती क्षणभर मंदावे आणि पुन्हा चढे. मानेवरचे केस उभे राहिले हे त्यांना जाणवले. त्याला त्यांनी महत्त्व दिले नाही. शरीर घाबरते. त्याला घाबरू द्यावे आणि काम चालू ठेवावे, असा त्यांचा जुना शिरस्ता होता.

"कधीपासून?"

"साहेब गेले तेव्हापासून पोरांना ऐकू येतंय."

"त्याआधी कोणी कान लावला होता का?"

चित्राबाईंनी दार ओढले आणि त्या एकट्या आत गेल्या. दार त्यांच्यामागे आपोआप मिटले. ऊब चेहऱ्यावर ओल्या कापडासारखी बसली. मधाचा आणि मेणाचा वास घशापर्यंत उतरला. गुणगुण आता डोक्यावरून येत होती. त्यांनी दिव्याचे बटण बंद केले.

गडद अंधार झाला. आणि गुणगुण थांबली.

३

"ट्यूबलाइटचा चोक," बाहेर येऊन त्या म्हणाल्या. "जुना झाला की गुणगुणतो. बदलून टाका."

क्लिफर्डने मफलर सोडला नाही. "म्हणजे माशी नाही?"

"माशी समुद्रातून, महिनोन्‌महिने बंद कंटेनरमध्ये, अन्नपाण्यावाचून जगून आली असेल असं मला वाटत नाही. शिवाय ती चावली असती तर खूण दिसली असती."

"मग तर वाईटच," क्लिफर्ड म्हणाला. "माशी नाही म्हणजे माणूस. आणि इथे माणसं तरी किती?"

तर्क बरोबर होता आणि तोच चित्राबाईंना अस्वस्थ करत होता. माशीपासून पळता येते. ज्याच्यासोबत रोज डबा खातो त्याच्यापासून नीरजा कुठे पळणार होती?

दिलीप गुप्ते ऑफिसात बसला होता. जनार्दनांचा शाळेपासूनचा मित्र आणि कंपनीतला भागीदार. चेहरा झोप न झालेल्या माणसाचा.

"या चित्राताई. चहा घ्या. का आधी त्याचा पीएच काढणार?"

"आधी फ्रिज बघणार."

दिलीपचे हसू गेले. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात दुधाच्या पिशवीमागे एक छोटी कुपी होती. लेबल स्पष्ट होते: वाळवलेले मधमाशीचे विष.

"कॉस्मेटिकवाले क्रीममध्ये घालतात," दिलीप घाईने म्हणाला. "सुरकुत्या जातात म्हणे. मी सॅम्पल मागवलं होतं. पोलिसांनी फोटो काढले, प्रश्न विचारले, पुन्हा फोटो काढले. जन्याला हा धंदा पसंत नव्हता. तो म्हणाला, माझ्या मरणाचं औषध फ्रिजमध्ये ठेवतोस होय रे. हे क्लिफर्डने ऐकलं आणि पोलिसांना सांगितलं. चेष्टा होती हो ती."

चित्राबाईंनी कुपी उजेडात धरली. अ‍ॅल्युमिनियमचे सील अखंड होते. रबरावर सुईचे छिद्र नव्हते. भुकटी लेबलवरच्या रेघेपर्यंत होती.

"भांडण कशावरून झालं?"

"या लॉटवरून. मध गोळा करणाऱ्यांचा गट नवा, पहिलाच माल. जन्याला शंका आली की मधल्या दलालाने मेणात स्वस्त पॅराफिन मिसळलं. मी म्हटलं, लॅबला पाठवू. तर म्हणाला, लॅबला आठवडा लागतो, मला पाच मिनिटं. माझ्या लॅबला वीज लागत नाही. असलं काहीतरी नेहमी बोलायचा. तुम्हाला माहीतच आहे त्याची शेखी."

चित्राबाईंना ती माहीत होती. त्यांनी ते वाक्य शेखी म्हणूनच सोडून दिले.

"आणि त्याचं पेन कुठे होतं? अ‍ॅड्रेनलिनचं. ते जवळ असतं तर तो वाचला असता."

दिलीपने टेबलाच्या कडेकडे पाहिले. "इथे. माझ्या टेबलावर."

"त्याच्या जिवाची चावी तुझ्या टेबलावर," चित्राबाई म्हणाल्या.

"रोज ठेवून जायचा. आत फार गरम आहे म्हणायचा. मी कशाला विचारू, गरमचा आणि पेनचा काय संबंध? आता पोलिस विचारतात आणि मला सांगता येत नाही. चित्राताई, शाळेपासूनचा दोस्त गेला, आणि त्याची मुलगी माझ्या हातचा चहा घेत नाही. काल मी कप पुढे केला, तिने सिंकमध्ये ओतला. माझ्यासमोर."

चित्राबाईंना नीरजाने दाखवलेल्या नळीवरचा बारीक मजकूर आठवला. तीस अंशांच्या वर ठेवू नये. जनार्दन रसायनशास्त्रज्ञ होते. चाळीस अंशांच्या खोलीत औषध खराब होऊ नये म्हणून ते पेन बाहेर ठेवून जात. औषध शाबूत राहिले.

"हे पोलिसांना मी सांगेन," त्या म्हणाल्या. "कुपीचंही सांगेन. तुझी बाजू मांडायची म्हणून नव्हे. जे दिसतं आहे ते एवढंच आहे, म्हणून."

पण घरी परतताना, वायपर बर्फ बाजूला सारत असताना, त्या एकेक शक्यता खोडत गेल्या. जनार्दन हाच मध रोज पोळीला लावून खात. त्याने त्यांना कधी काही झाले नाही. म्हणजे मध नव्हे. वर्षानुवर्षे तीच धूळ हुंगली. म्हणजे धूळ नव्हे. विष प्यायला द्यावे तर थर्मासमधल्या चहात काही सापडले नव्हते. टोचावे तर त्वचा अखंड होती. माशी नाही, माणूस नाही, सुई नाही. आणि तरी विष आत गेले होते. जे कसे झाले ते कळत नाही, ते पुन्हा होऊ शकते. उद्या शुक्रवार होता.

४

शुक्रवारी सकाळी त्या पोहोचल्या तेव्हा क्लिफर्ड आपल्या केबिनमध्ये एक प्लास्टिकची पिशवी समोर घेऊन बसला होता.

"पोलिसांनी साहेबांच्या वस्तू परत केल्या. नीरजा बेबीला द्यायला धीर होईना. तुम्हीच द्या."

चष्मा. घड्याळ. छोटा घडीचा चाकू. आणि पांढरा रुमाल, चौकोनी घडी घातलेला, कोपरे आत दुमडलेले. चित्राबाईंनी तो उघडला. आत वरच्या जबड्याची कवळी होती. टाळू पूर्ण झाकणारी, गुलाबी.

"शर्टाच्या खिशात होती," क्लिफर्ड म्हणाला. "बिचाऱ्यांनी श्वास कोंडला तेव्हा ओढून काढली असणार."

चित्राबाई रुमालाच्या घडीकडे पाहत राहिल्या.

"श्वास कोंडलेला माणूस कवळी फेकून देतो, क्लिफर्ड. ती रुमालात बांधून खिशात ठेवत नाही. ही त्यांनी आधीच काढली होती. शांतपणे. चांगले असताना."

"असेल. मग काय?"

"माणूस कवळी केव्हा काढतो? झोपताना. धुताना. ते झोपले नव्हते आणि त्या खोलीत नळ नाही. तिसरं म्हणजे, कवळीला चिकटेल असं काही तोंडात घालायचं असेल तेव्हा." त्या थांबल्या. कड तासलेल्या ढेपा. घडीचा चाकू. वीज न लागणारी लॅब. "ते मेण चावून बघायचे."

"तेच तर टेस्टिंग," क्लिफर्ड म्हणाला, जणू कोणी त्याला चहात साखर असते असे सांगितले होते. "महाबळेश्वरला लहानपणी मधवाल्यांकडून शिकले होते. चांगलं मेण तोंडात भुगा होतं, दातांना धरत नाही. भेसळ असली तर च्युइंगमसारखं चिकटतं. थंडीत ढेप काचेसारखी कडक, काही कळत नाही, म्हणून उबेत नेऊन मऊ करायची आणि मग चावायची."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, साहेब आत काही खात होते का. मी म्हटलं, नाही. मेण काय खाणं आहे? चावायचं आणि थुंकायचं."

वरच्या जबड्यात दात नसलेला माणूस मेण चावत नाही. तो ते जिभेने टाळूवर दाबतो. आणि सूज टाळूच्या उजव्या बाजूला जास्त होती, हे वाक्य चित्राबाईंनी स्वतः मोठ्याने वाचले होते.

"नीरजा कुठे आहे?"

"आत. लॉट पास करतेय. साहेबांनी शिकवलंय तिला."

त्र्याहत्तराव्या वर्षी चित्राबाई धावत नसत. पिंपांच्या रांगेतून त्या जितक्या भरभर चालता येईल तितक्या चालल्या. वाटेत त्यांना दिलीपच्या टेबलावर पिवळ्या झाकणाची नळी दिसली. लेकीने बापाची सवय जशीच्या तशी उचलली होती. ती नळी त्यांनी उचलून मुठीत घट्ट धरली आणि जाड दार ओढले.

नीरजा पाठमोरी उभी होती. डाव्या हातात ढेप, उजव्या हातात चाकू. तिचा जबडा हलत होता.

५

"नीरजा, चावू नकोस."

ती वळली. गाल फुगलेला.

"जीभ दाबू नकोस. तोंड उघड आणि आहे तसं खाली पडू दे. आता."

नीरजाचे डोळे मोठे झाले. तिने तोंड उघडले. पिवळा गोळा तिच्या ओंजळीत पडला. चित्राबाईंनी तो नखाने उकलला, पुन्हा उकलला. त्यात मेणाखेरीज काही नव्हते.

"मावशी, यू स्केअर्ड मी," नीरजा हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली. "शुद्ध आहे हे मेण. पहिल्याच चाव्यात कळलं. काकांचा दलाल खोटा नव्हता."

"ढेप इकडे दे."

त्यांनी ढेप दिव्यासमोर तिरपी धरली. मऊ झालेल्या मेणातून उजेड पिवळा होऊन आला. जिथे नीरजाने पहिला तुकडा कापला होता त्याच्या शेजारी, दुसऱ्या तुकड्यासाठी चाकूची रेघ अर्ध्यापर्यंत उतरलेली होती. त्या रेघेच्या टोकाशी, पातळ थराखाली, एक तपकिरी सावली होती. पंख मिटलेले. पोट अखंड.

नीरजाने ढेपेकडे पाहिले आणि चाकू पिंपावर ठेवला.

"ही मेलेली आहे," ती म्हणाली.

"माशी मरते. नांगी आणि विषाची पिशवी तशीच राहतात. दाबलं की काम करतात." चित्राबाईंनी पेन तिच्या हातात दिले. "बाहेर चल. गरम होतंय."

ऑफिसात दिलीप उभा होता. काय झाले ते क्लिफर्डने त्याला धापा टाकत सांगितले होते. त्याने किटली चालू केली. नीरजा खुर्चीत बसली. मग त्याने पुढे केलेला कप हातात घेतला.

"काका, साखर कमी आहे," ती म्हणाली.

"तुझ्या बापासारखीच तक्रार," दिलीप म्हणाला आणि पाठ वळवून साखरेचा डबा शोधू लागला. तो समोरच होता.

चित्राबाईंनी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला फोन केला. तो एकेकाळचा त्यांचा सहकारी. टाळूची उजवी बाजू कापून भिंगाखाली पाहा, एवढेच त्यांनी सांगितले. दुपारी त्याचा फोन आला. सुजेच्या घडीत लपलेली, केसाहून थोडी जाड अशी काटेरी नांगी सापडली होती. पोलिसांनी खोलीतून उचलून नेलेल्या कचऱ्यात थुंकलेल्या मेणाचा गोळा होता. त्यात माशीचे नांगी तुटलेले पोट होते. तो च्युइंगम समजून कोणी उघडून पाहिला नव्हता.

जुने गट गाळलेले मेण गार होईपर्यंत कटोऱ्यावर फडके टाकतात, कारण मेणाच्या वासाने माश्या येतात. नव्या गटाला हे कंपनीने सांगायला हवे होते. ते राहून गेले. उघड्यावर गोठत असलेल्या मेणावर माश्या बसल्या, रुतल्या आणि वरची साय धरताच आत बंद झाल्या. हवा न लागल्याने त्यांच्या पिशवीतले विष सुकले नाही. जनार्दन कर्णिकांनी अशी एक ढेप उबेत मऊ केली, कवळी काढली, कडेचा तुकडा जिभेने टाळूवर दाबला आणि मेण शुद्ध आहे की नाही ते पाहू लागले. दाबाने नांगी टाळूत शिरली. घसा सुजून श्वासाची वाट बंद झाली. औषध दाराबाहेर होते. त्यांना कोणी मारले नाही. मेणात रुतून मेलेल्या एका माशीच्या विषाने त्यांचा मृत्यू झाला.